पारोच्या समाधीवरची तारीख

अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल आणि त्याची स्थानिक प्रेयसी पारो यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते: ‘पारो गेल्यावर गिलने अजिंठा सोडला आणि लवकरच झुरून मेला’. ती तारखांत बसत नाही. अजिंठा गावातल्या पारोच्या समाधीवर २३ मे १८५६ कोरलेलं आहे. गिल वारला १८७९ मध्ये, भुसावळला. म्हणजे मधली जवळपास तेवीस वर्षं कथाकारांनी गिळलीच! त्याच काळात तो कॅमेऱ्याकडे वळला, आणि १८६४ साली वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात त्याने काढलेले लेण्यांचे फोटो आले. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्याची बरीचशी चित्रं जळाली, तेव्हाही तो हयात होता. खरी शोकांतिका मला तर हीच वाटते.

गिल कॅप्टन होता की मेजर, हा हुद्द्याबद्दलचा वाद मात्र फुकाचा आहे. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या कामावर नेमणूक झाली तेव्हा तो कॅप्टन होता, मेजर नंतर झाला.