पुढची काच बदलायची: क्लेम करावा की रोख भागवावं? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ए ४०२: मंडळी, गाडीच्या पुढच्या काचेला ड्रायव्हरच्या समोरच वीतभर तडा गेलाय. शोरूमचं एस्टिमेट: काच १२,४००, मोल्डिंग (कडेची रबरी पट्टी) ९००, युरेथेन-प्रायमर किट (काच चिकटवायचा गोंद आणि त्याआधीचा लेप) १,८००, क्लिपा ३००, मजुरी १,८००. जीएसटी धरून १७,२००. उद्यमनगरात एक काचवाला सगळं मिळून ११,००० म्हणतोय. गाडी १२०० सीसी, फुल पॉलिसी, झिरो डेप (घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, न कापण्याचं जादा कवच) नाही, एनसीबी (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) ५० टक्के. क्लेम करू का रोख भागवू?

डी ३०१: तडा भरून मिळतो की ओ, बदलायची कशाला?

सी १०४: वीतभर तडा भरत नाहीत. रुपयाच्या नाण्याएवढा टवका असेल, तो काचेच्या कडेला नसेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तरच रेझिन भरून यूव्ही दिव्यानं पक्कं करतात. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मधे पीव्हीबी या प्लॅस्टिकचा पापुद्रा. टवक्यात पाणी-धूळ शिरली की रेझिन नीट धरत नाही आणि डाग राहतो. म्हणून खडी लागली की त्याच दिवशी टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, गाडी धुऊ नका, तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडू नका. कागल-सातारा महामार्गाच्या सहापदरीकरणाची खडी आणि उसाच्या ट्रॉल्या बघता ही पट्टी डिकीत असलेली बरी.

बी २०५: आता क्लेमचं बघू. लोक इथंच गोंधळतात. झिरो डेप नसला तरी काचेला घसारा शून्य असतो, काचेचे पूर्ण पैसे धरतात. रबर-प्लॅस्टिकला ५० टक्के घसारा, म्हणून मोल्डिंगचे ४५० आणि क्लिपांचे १५० तुमच्या खिशातून. किट बहुतेक वेळा कन्झ्युमेबलमध्ये (वापरून संपणाऱ्या वस्तूंत) धरतात, त्याचं कवच वेगळं घ्यावं लागतं. ते अ‍ॅड-ऑन नसेल तर १,८०० तुमचेच. वर सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यापुढं २,०००. म्हणजे कंपनी देणार १३,८००, तुम्ही ३,४००. झिरो डेप असता तर फक्त ६०० वाचले असते.

ए ४०२: ताई, मग क्लेमच करतो की. १३,८०० कोण सोडतंय?

बी २०५: थांबा दादा, एनसीबी राहिला. तो ओन डॅमेजच्या (ओडी, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत सहाव्या नूतनीकरणाला परत ५०. ५० टक्केवाल्याचं नुकसान वर्षागणिक ५०, ३०, २५, १५, ५ टक्के. बेरीज १२५ टक्के, म्हणजे सूट वजा करायच्या आधीच्या ओडी प्रीमियमच्या सव्वापट. तुमचा हा आकडा किती?

ए ४०२: ८,००० च्या आसपास.

बी २०५: म्हणजे पाच वर्षांत १०,०००. गाडी जुनी होईल तशी आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरते, प्रीमियमही थोडा कमी होतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडं कमी पडेल. तरी हिशोब असा: क्लेम केला तर ३,४०० अधिक १०,००० = १३,४००. शोरूमला रोख १७,२००. बाहेर रोख ११,०००. काच सारख्याच दर्जाची असेल तर बाहेर रोख भागवणं परवडतं. शोरूमलाच करायचं ठरवलं तर मात्र क्लेम करा.

ज्यांना आत्ता २०च टक्के सूट आहे त्यांचं नुकसान वर्षागणिक २५, १५, २०, १५, ५, बेरीज ८० टक्केच येते, त्यांचा कल क्लेमकडं जाईल. एनसीबी प्रोटेक्शन घेतलेलं असेल तर ठरावीक क्लेमपर्यंत सूट टिकते, पॉलिसीत बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर काचेचे काही मिळत नाही. आणि क्लेम करणार असाल तर आधी कंपनीला कळवा, सर्व्हे होऊ द्या, मगच काच काढा.

सी १०४: ताईंचा हिशोब पक्का आहे, पण ११,००० मध्ये काय काय येतं ते विचारलं का? काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. बनवणाऱ्याचं नाव (आपल्याकडं बहुतेक एआयएस किंवा सेंट-गोबेन सेक्युरिट), आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा क्रमांक आणि ‘लॅमिनेटेड’ असं हवं. बिनशिक्क्याची काच बसवू नका. गाडीत पाऊस ओळखणारा सेन्सर, आरशामागं कॅमेरा किंवा काचेत अँटेना असेल तर नेमक्या त्याच व्हेरियंटची काच लागते. कॅमेरा असेल तर बदलल्यावर कॅलिब्रेशन (कॅमेरा पुन्हा जुळवणं) लागतं, ते बिलात वेगळं येतं.

ए ४०२: कॅमेरा नाही काका, साधीच आहे. चिकटवायच्या कामात काय बघायचं?

सी १०४: सगळी मेख तिथंच आहे. पॅसेंजरची एअरबॅग उघडताना काचेचा आधार घेते आणि टपाच्या ताकदीलाही ही काच हातभार लावते. म्हणून युरेथेनच पाहिजे, सिलिकॉन चालत नाही.

जुनी काच कापल्यावर चौकटीवरचा जुना थर मुळापासून खरवडत नाहीत, एक-दोन मिलिमीटर ठेवून सपाट कापतात. नवं युरेथेन त्याला चांगलं धरतं. सुरीचा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला तर लगेच प्रायमर लागला पाहिजे, नाहीतर आतून गंज चढतो आणि दोन पावसाळ्यांत पाणी गळायला लागतं. नवीन काचेची काळी कड पुसून प्रायमर लावतात, त्यानंतर तिथं बोट लागता कामा नये. मग त्रिकोणी नोझलनं सलग, न तुटणारी धार. धार तुटली की गळती तिथूनच.

युरेथेन हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं, म्हणून आपल्या पावसाळी हवेचं भय नाही, पण चिकटवताना काच आणि चौकट कोरडी हवी. उघड्यावर भुरभुरत्या पावसात बसवणारा असेल तर गाडी परत घेऊन या.

डी ३०१: काम झाल्यावर लगेच चालवली तर?

सी १०४: ट्यूबवर किती वेळानं चालवायची ते लिहिलेलं असतं, ते ट्यूब बघूनच पाळा. एक दिवस बाहेरची टेप काढू नका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीचं दार आपटलं की हवेच्या दाबानं ताजी काच उचलते. प्रेशर वॉशरची धुलाई दोन दिवस नको. त्यानंतर नळाच्या साध्या पाण्यानं वरची कड भिजवा आणि डॅशबोर्डखालची मॅट हातानं चाचपून बघा. ओली लागली तर गॅरेजला तेव्हाच दाखवा. कामाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका.

बी २०५: फास्टॅग राहिला. जुन्या काचेवरून काढताना तो फाटतो आणि पुन्हा चालत नाही. ज्या बँकेचा आहे तिच्याकडून बदली टॅग मागवा, खात्यातली शिल्लक तशीच राहते. नवी काच बसवायच्या आधी मागवला तर किणी टोलनाक्यावर अडणार नाही.