तिसऱ्या पाळीनंतर दिवसा झोपच लागत नाही, काय करू?

ओतकामवाला: शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पोअरिंगला, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायला आहे. पाळ्या ७ ते ३, ३ ते ११ आणि ११ ते ७. दर आठवड्याला बदलतात, त्याही उलट्या: तिसरी झाली की दुसरी, मग पहिली. सकाळी उचगावला घरी येऊन आडवा होईपर्यंत साडेआठ होतात. वर पत्रा, दहानंतर खोली तापते. घंटागाडी, भाजीवाला, पोरांचा दंगा. साडेबाराला जाग आली की परत डोळा लागत नाही. परवा पहाटे चारला लॅडल (रस ओतायचं भांडं) धरलेलं असताना डोळे मिटले. जोडीदारानं दंड धरून मागं ओढलं. चौदाशे अंशाचा रस होता लॅडलमध्ये. तेव्हापासून धास्ती बसलीय. रात्रीत सहा कप चहा होतो. गोळ्या घ्यायच्या नाहीत. कुणाला काही लागू पडलं का?

जुना मोल्डर: भावा, माझी २६ वर्षं तीन पाळ्यांत गेली. रात्री दोननंतर चहा बंद कर, त्याचा अंमल पाच-सहा तास सहज राहतो. खिडकीला जाड घोंगडं लाव, अंधार पाहिजे. झोप दोन तुकड्यांत घे: सकाळी जमेल तेवढी आणि कामावर निघायच्या आधी रात्री आठ ते साडेनऊ. मला ह्या दुसऱ्या तुकड्यानंच तारलं. येताना उन्हाला गॉगल लावतात, पण गाडी तूच चालवत असशील तर नको, झोप चढते.

रात्रपाळीची सिस्टर: दादा, पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, त्यामुळं पेंग येते. तुमचा आळस नाही तो. आणि पाळ्यांचा क्रम बदलून मागा. शरीराचं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांपेक्षा जरा जास्तच चालतं, म्हणून झोप पुढं ढकलणं सोपं, अलीकडं ओढणं अवघड. पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम सोसतो. ह्या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालंय, साहेबांना सांगा. आमच्या वॉर्डात क्रम फिरवून घेतला, फरक पडला.

ओतकामवाला: काका, घोंगडं लावलं. लेकीनं दाराला कागद चिकटवलाय, ‘पप्पा झोपलेत’. काल दोनपर्यंत झोपलो, शिवाय रात्री तासभर. ताई, क्रमाचं युनियनच्या सेक्रेटरींशी बोललो. मोल्डिंगची पोरंही तेच म्हणतायत. सोमवारी आम्ही सातजण मॅनेजरना भेटणार आहे.