बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, पावडरीला मात्र येतो, असे का?

प्रश्न:
विहीर आटल्यापासून आमचे धुणे बोअरच्या पाण्यावर चालले आहे. कपड्यांच्या साबणाची वडी कितीही घासली तरी फेस धरत नाही, बादलीच्या कडेला राखाडी, चिकट थर बसतो आणि टॉवेल वाळले की पापडासारखे ताठ होतात. तेच कपडे पावडरीत भिजवले तर फेस येतो. दोन्ही शेवटी साबणच ना?

उत्तर १ (मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो):
नाही, आणि गोम तिथेच आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून बनलेली वडी म्हणजे मेदाम्लांचे (तेलातून मिळणाऱ्या आम्लांचे) सोडियम क्षार. दुष्फेन, म्हणजे साबणाला सहज फेस न देणाऱ्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम या मेदाम्लांना धरतात आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो; तुमच्या बादलीवरचा थर तोच, आणि टॉवेल ताठ होण्यातही त्याचा वाटा आहे. पाण्यातले कॅल्शियम संपेपर्यंत साबण असा वाया जातो, फेस त्यानंतरच येतो. पावडरीतले मुख्य द्रव्य बहुधा लिनिअर अल्काइल बेंझिन सल्फोनेट हे कृत्रिम स्वच्छक असते, ज्याचा असा साका सहजी होत नाही. शिवाय तिच्यात धुण्याचा सोडा असतो, आणि काही पावडरींत झिओलाइट नावाचे खनिजही, जे कॅल्शियम स्वतःत अडकवून बदल्यात सोडियम सोडते. (बाजारातल्या काही निळ्या वड्या दिसायला साबण असल्या तरी डिटर्जंटच्याच असतात, वेष्टन वाचावे.)

उत्तर २:
आमच्याकडेही असेच पाणी आहे. बादलीत आधी धुण्याचा सोडा विरघळवून ठेवते. थोड्या वेळाने पाणी गढूळ होते आणि तळाशी पांढरी भुकटी बसते. वरचे निवळ पाणी काढून घेतले की वडीलाही फेस येतो. मात्र रेशमी आणि लोकरी कपड्यांना हे पाणी लावू नये, आणि हात कोरडे पडतात म्हणून हातमोजे घालावेत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा चालेल का? की पाणी उकळून घेऊ?

उत्तर १:
खाण्याचा सोडा सौम्य असल्याने थंड पाण्यात कॅल्शियम तितकेसे खाली बसवत नाही. उकळण्याचा उपयोग पाण्याचा कठीणपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेट क्षारांमुळे असेल तरच होतो. त्यांचे सल्फेट आणि क्लोराइड क्षार असतील तर उकळूनही पाणी तसेच राहते. गीझरच्या कॉइलवर पांढरा, खडबडीत थर जमत असेल, तर तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट आहे असे समजा. तरीही बादलीभर पाणी उकळायला लागणारे इंधन पाहता, मूठभर धुण्याचा सोडाच परवडेल.