डीबीपीसी घातलं की तेल नवं होत नाही

ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या तेलात डीबीपीसी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन, म्हणजे इनहिबिटर) टाकलं की काम झालं, असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. इनहिबिटर पुढचं ऑक्सिडेशन लांबवतो; आधीच झालेलं आम्ल नि गाळ तसाच राहतो. आधी फुलर्स अर्थ या आम्ल नि गाळ शोषणाऱ्या मातीतून तेल फिरवा, मग ०.३ टक्क्यांच्या आसपास डोस द्या. (आपल्या गोव्याच्या पावसात ब्रीदरची (आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषणाऱ्या डब्याची) जेल ओलीनं गुलाबी पडलेली असेल, तर आधी ती बदला.)

पॅसिव्हेटर या दुसऱ्या रसायनाचा विषय मात्र कुणी काढत नाही. तेलातल्या गंधकापासून आतलं तांबं वाचवायला तो घालतात. वेर्ण्याच्या एका कारखान्यात तो घातल्यावर पुढच्या डीजीएत (तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीत) हायड्रोजन चढला आणि मंडळी बिघाड समजून ट्रान्सफॉर्मरची टाकी उघडायलाच निघाली. बिघाडात चढणारे बाकीचे वायू मात्र चढले नव्हते: ॲसिटिलीन शून्य, मिथेन जागच्या जागी. पॅसिव्हेटरनंतर असा एकटा हायड्रोजन काही काळ वाढू शकतो. दर महिन्याला नमुना काढत राहिलो, आकडा स्थिरावला.