‘हात बसणे’ हा भ्रम आहे का? पुरावा तोलताना किती ठाम राहावे?

प्रश्न – क्रीडाशिक्षक, खानापूर

आमच्याकडील टेनिसबॉल क्रिकेटचा संघ निवडताना एक वाद वारंवार उद्भवतो. जुने खेळाडू म्हणतात की सलग दोन सामन्यांत धावा काढणाऱ्याचा हात बसलेला असतो, म्हणून त्याला वरच्या क्रमांकावर पाठवावे. शिकलेली तरुण मुले तितक्याच ठामपणे सांगतात की लय हा निव्वळ भास असून तसे संशोधनाने सिद्ध झाले आहे. पुरावा तोलताना स्वतःच्या मतावर किती विश्वास ठेवावा, आणि शंकाच घेत राहिल्यास निर्णय कधी घ्यावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – संख्याशास्त्राची प्राध्यापिका, टिळकवाडी

सर, ही मुले ज्याचा आधार घेतात ते संशोधन १९८५ सालचे आहे. गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वेर्स्की यांनी बास्केटबॉलपटूंच्या फेकी तपासून असा निष्कर्ष काढला, की सलग काही फेकी यशस्वी झाल्या म्हणून पुढची यशस्वी होण्याची शक्यता वाढत नाही. सुमारे तीन दशके हा निष्कर्ष माणसाच्या भ्रमाचे ठळक उदाहरण म्हणून शिकवला गेला. २०१८ मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या मोजणीतच एक सूक्ष्म दोष दाखवला.

तो दोष कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही पडताळता येतो. नाणे तीनदा उडवल्यास आठ क्रम संभवतात. त्यांपैकी ज्या सहा क्रमांत पहिल्या दोन वेळांत निदान एकदा छापा आहे, त्या प्रत्येकात छाप्यानंतर पुन्हा छापा पडण्याचे प्रमाण काढावे आणि सहांची सरासरी घ्यावी. उत्तर निम्मे येईल असे वाटते, पण ते पाच द्वादशांश, म्हणजे सुमारे ४२ टक्के येते. छोट्या क्रमांत हे प्रमाण मुळातच कमी दिसत असल्यामुळे, ज्या खेळाडूचे प्रमाण सलग यशानंतर घटलेले दिसत नाही, तो प्रत्यक्षात लयीत असू शकतो. ही दुरुस्ती केल्यावर मूळ प्रयोगाच्याच आकड्यांत लयीच्या बाजूचा पुरावा दिसू लागला.

यावरून जुने खेळाडू बरोबर ठरले, असे मात्र म्हणता येत नाही. बास्केटबॉलच्या फेकींवरून टेनिसबॉल क्रिकेटमधील फलंदाजीबद्दल थेट निष्कर्ष काढणे मला मान्य नाही, कारण इथे गोलंदाज बदलतो, मैदान बदलते आणि एका चुकीने डाव संपतो. इतरांचा भास उघड करणाऱ्या संशोधकांची मोजपट्टीही तपासावी लागली, हे त्या मुलांना जरूर सांगावे.

उत्तर – जुना पैलवान, कंग्राळी

कुस्तीतही हेच घडते. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून मोठा वाद झाला. आमच्या तालमीत एकच चित्रफीत पाहून दोन गट पडले आणि दोघांनाही ती स्वतःच्याच बाजूची वाटली. बाजूने घेतलेल्या चित्रणात पलीकडचा खांदा अनेकदा दिसतच नाही. म्हणून मी पोरांना विचारतो, की वरचा पैलवान आपल्या तालमीचा असता, तर याच चित्रफितीवरून तुम्ही काय म्हणाला असता? गल्लीत मराठी आणि कन्नड अशी दोन्ही वर्तमानपत्रे येतात. एकाच मैदानाची बातमी दोन्हींत वाचली तरी पुष्कळ कळते.

उत्तर – क्रिकेट पंच, शहापूर

पैलवानकाका, आपले म्हणणे पटते, तरीही एक धोका सांगतो. नम्रतेच्या नावाखाली ‘नक्की काहीच सांगता येत नाही’ असे म्हणून जबाबदारी टाळणारे लोक मी पाहिले आहेत. पंचाला बोट वर करायचे की नाही, हे त्याच क्षणी ठरवावे लागते. या दृष्टीने पायचीतच्या फेरतपासणीतील ‘अंपायर्स कॉल’ मला फार प्रामाणिक वाटतो. चेंडूचा पुढचा मार्ग हा यंत्राने बांधलेला अंदाज असतो. यष्ट्यांना निम्म्याहून कमी चेंडू लागताना दिसला, तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. यंत्र आपली मर्यादा आधीच जाहीर करते आणि तरीही निर्णय होतो. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत फेरतपासणीची ही पद्धत स्वीकारण्यापूर्वी भारतीय मंडळ अनेक वर्षे तिच्याबद्दल साशंक होते, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. पण आमच्या हाती एका खेळाडूचे दोन-तीनच डाव असतात. तेवढ्यावरून निवड करायची कशी?

उत्तर – संख्याशास्त्राची प्राध्यापिका, टिळकवाडी

निवड अवश्य करावी, फक्त ती तात्पुरती आहे हे मान्य करून करावी. डॉन ब्रॅडमन यांनी १९२८ मध्ये ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत १८ आणि १ धावा केल्या आणि पुढच्या कसोटीतून त्यांना वगळण्यात आले. मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत ते परतले आणि त्यांनी ७९ व ११२ धावा काढल्या. कारकिर्दीअखेर ८० डावांत त्यांची सरासरी ९९.९४ होती. आज त्या निवड समितीला हसणे सोपे आहे, परंतु तिच्यासमोर कसोटीचे दोनच डाव होते, आणि एकाच सामन्यानंतर तिने मत बदलले, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आपल्या निवडीच्या वहीत प्रत्येक नावापुढे मत किती डावांवरून बनवले आणि काय दिसल्यास ते बदलू, हे सामन्याआधीच लिहून ठेवावे; नंतर लिहिल्यास प्रत्येक जण आपल्या सोयीचे कारण शोधतो.