नोकरी सांभाळून बी.कॉम., भुसावळहून कसं जमेल?

प्रश्न: वय 42, बारावी झालेली, कारखान्यात पाळ्यांची नोकरी. रोज कॉलेजला जाणं अशक्य. काय करावं?

उत्तर १: भाऊ, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. अभ्यासकेंद्र निवडताना अंतरापेक्षा संपर्कसत्रांचे (केंद्रावर प्रत्यक्ष होणाऱ्या तासांचे) वार तुमच्या सुट्टीशी जुळतात का, ते आधी विचारा. पाळ्यांच्या माणसाचं गाडं तिथंच अडतं.

उत्तर २: सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधून एबीसी आयडी (अभ्यासाचे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) काढून ठेवा. गुणपत्रिका आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यानंही अर्ज रखडतो. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात करा.

उत्तर ३: दुसरीकडे प्रवेश घेणार असाल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) दूरशिक्षण मान्यता त्याच अभ्यासक्रमाला, त्याच वर्षासाठी आहे ना, हे तपासल्याशिवाय फी भरू नका. वेळापत्रक लागताच परीक्षेच्या रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.