मधुमेह आहे, रेटिना (डोळ्याचा पडदा) स्वच्छ आहे, तरी नजर कमी होतेय: वोल्फ्राम सिंड्रोम (लहानपणी मधुमेह आणि डोळ्याची नस सुकणं असा दुर्मिळ आनुवंशिक आजार) असू शकेल का?

निशाचर: मुलाचं वय ११. पाचव्या वर्षापासून इन्सुलिन चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.३. चष्म्याचा नंबर बदलूनही फळा दिसत नाही, लाल-हिरव्यात गल्लत होते. रिपोर्टमध्ये ‘ऑप्टिक डिस्क (डोळ्याच्या नसेचं टोक) फिकट, रेटिना नॉर्मल’. जीएडी अँटिबॉडी (नेहमीच्या टाइप १ मधुमेहाची खूण) निगेटिव्ह. साखर १२० असतानाही रात्री चार-पाचदा लघवी. आईवडील मामे-आतेभावंडं. पुढे काय तपासावं?

नेत्रपटल: साखरेने बिघडते ती रेटिना, इथे सुकतेय ती डोळ्याची नस. ओसीटीमध्ये (डोळ्याच्या स्कॅनमध्ये) नसेच्या तंतूंचा थर किती पातळ झालाय ते मोजून घ्या. मेंदूचा एमआरआय मात्र टाळू नका. नसेवर गाठीचा दाब नाही, हे आधी पक्कं व्हायला हवं.

तहानलाडू: लघवी जास्त म्हणून इन्सुलिन वाढवू नका, नेमकी हीच चूक होते. साखर साधारण १८० ओलांडल्यावरच लघवीत उतरते आणि पाणी ओढते. १२० ला हे होत असेल तर डायबिटीस इन्सिपिडसचा संशय घ्या (नावात डायबिटीस आहे, साखरेशी संबंध नाही; शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही). सकाळी रक्त आणि लघवी एकाच वेळी द्या: दोन्हींची ऑस्मोलॅलिटी (किती दाट आहे त्याचं माप), शिवाय सोडियम आणि साखर. रक्ताची ३०० च्या वर आणि लघवीची ३०० च्या खाली आली, तर निदान जवळपास झालंच. पाणी तोडून करायची चाचणी घरी मुळीच नको. डेस्मोप्रेसिन (लघवी कमी करणारं यावरचं औषध) सुरू झालं की जुन्या सवयीने तांब्यावर तांबे पाणी पिणं थांबवावं लागतं. नाहीतर सोडियम घसरून डोकेदुखी, उलट्या, झटकेसुद्धा येतात. पहिल्या काही दिवसांतच सोडियम पुन्हा तपासा.

वंशसूत्र: वोल्फ्रामसाठी चौथ्या गुणसूत्रावरच्या डब्ल्यूएफएस१ जनुकाची तपासणी मागा. दोष सापडला की आईवडिलांचीही करा. दोघे वाहक (जनुकाची एकच दोषी प्रत असलेले) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. ऑडिओमेट्रीही (ऐकण्याची तपासणी) हवी, ऐकू बरं येत असलं तरी: या आजारात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात.

निशाचर: डेस्मोप्रेसिननेही रात्रीची लघवी थांबली नाही तर?

तहानलाडू: मग मूत्राशय बघा. त्याच्या नसा दुबळ्या असल्या की ते पूर्ण रिकामं होत नाही. लघवी करून आल्या आल्या सोनोग्राफीत किती उरलीय ते मोजून घ्या. बरीच उरत असेल तर ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून रिकामं करायला शिकवतात. तुंबलेली लघवी मूत्रपिंडाकडे उलटते.